देवाचा बागुलबुवा



मागल्या चैत्रात एका गावी सप्ताहात सेवा होती. कीर्तन आटोपले, मंडळी पाया पडून परतू लागली, तोच एक तरुण बाई दीड वर्षाचे मूल कडेवर घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "महाराज, ह्याला जरा देवाचं भ्या दाखवा. कुणाचंच ऐकत नाही बघा." मूल माझ्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे टक लावून पाहत होते. मी त्याच्या कपाळी बुक्का लावला, हातावर खडीसाखरेचा खडा ठेवला आणि काहीतरी बोलून वेळ मारून नेली. भोवती माणसे होती, हे खरे. पण तिला द्यायचे उत्तर जवळ असूनही ते देण्याचा मला धीर झाला नाही, हे जास्त खरे. ते उत्तर आता लिहून देत आहे. ते देणे माझ्यावर का लागते, तेही सांगतो.

त्या बाईला दोष देण्याचे कारण नाही. तिने जे मागितले ते आपल्या घरोघरी रोज चालते. मूल घास गिळेना की "बागुलबुवा येईल." झोपेना की "झोळीवाला धरून नेईल." पूर्वी आजी खिडकीकडे बोट दाखवी, आता मोबाईल कानाला लावून पोलिसांशी बोलल्याचे नाटक होते, इतकाच काय तो फरक. डॉक्टरच्या सुईची धमकी तर मुलाला डॉक्टरकडे न्यायच्या आदल्या दिवशीच देतात, आणि मग ते दारातच का आक्रंदते म्हणून नवल करतात ! या सर्वांच्या शेवटी, काहीच चालले नाही म्हणजे, आपण पांडुरंगाला बोलावतो. "देवबाप्पा कान कापील हं." ज्याला आपण माउली म्हणतो, त्याच्याच हाती आपण कात्री देतो.

आता विचार करावा, की हा उपाय चालतो का ? चालतो, यात शंका नाही. मूल गप्प बसते, घास गिळते. ते आपल्याला भिते म्हणून नव्हे. आपले बोलणे त्याला अक्षरशः खरे वाटते म्हणून. दोन वर्षांच्या मुलाला थट्टा, अतिशयोक्ती, नाटक यांतला भेद कळत नाही. बाप म्हणाला, झोळीत घालून नेतात, तर ते नेतातच. मोठ्या माणसाला फसवायचे तर त्याच्या लोभाचा, नाही तर मूर्खपणाचा आधार घ्यावा लागतो. मुलाला फसवताना आपण त्याच्या श्रद्धेचाच आधार घेतो. ज्या श्रद्धेसाठी आपण जन्मभर साधना करतो ती त्याच्याजवळ आयती असते, आणि आपण ती एका घासापायी खर्चून टाकतो.

नामदेवरायांची नैवेद्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. दामाशेटी बाहेर गेलेले, गोणाईने नैवेद्याचे ताट लहानग्या नामाच्या हाती दिले. नामा देवापुढे बसून राहिला, कारण घरात रोज ऐकले होते की देव जेवतो. देव जेवेना तसा तो रडला, विनवू लागला, डोके फोडून घेण्यापर्यंत गेला, आणि देव जेवला. कीर्तनात आम्ही येथे देवाच्या भक्तवात्सल्यावर येतो, आणि ते योग्यच आहे. परंतु कथेत आणखी एक गोष्ट आहे. नामा घरी येऊन सांगतो तेव्हा मोठ्यांनाच ते खरे वाटत नाही ! देव जेवतो, हे वाक्य घरात रोज बोलले जाई. ते खरे मानणारा घरात एकच होता, तो पोर. मुलांपुढे आपण जे बोलतो ते त्यांच्या आत असे जाऊन बसते. चांगले बोललो तर नामदेव होतो. वाईट बोललो तर काय होते, ते मी पाहिले आहे.

सन १९८८ ची गोष्ट. माझा थोरला मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. मी सप्ताहांच्या मागे, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरी आलो की अंग मोडून आलेले असे, दोन तास डोळा लागावा एवढीच इच्छा. हा त्या वेळी उठून रडे. बाप कधी तरी दिसतो, म्हणून रडत असेल, हे आज समजते. तेव्हा मी त्याला म्हणत असे, "गप्प बस, रडणाऱ्या पोराला विठोबा विटेखाली घालतो." कुठून सुचले कोणास ठाऊक. एकदा म्हटले, गुण आला. मग रोजचेच झाले. घरातून एक-दोनदा विरोध झाला, "असं बोलू नये देवाचं," म्हणून. मी शास्त्र शिकलेला माणूस, मी कुठे ऐकतो !

त्याच वर्षी माघी होऊन गेल्यावर त्याला घेऊन पंढरीस गेलो. गर्दी ओसरली होती, बारी लवकर पुढे सरकली. नामदेव पायरीपाशी तो माझ्या कडेवर हसत होता, टाळ्या वाजवीत होता. गाभाऱ्यात शिरलो आणि त्याने वीट पाहिली. त्यानंतर तो जसा ओरडला तसा मी पुन्हा त्याला कधी ऐकला नाही. त्याने माझ्या गळ्याला अशी मिठी मारली की माळ तुटली. मागच्या लोकांचा रेटा. मी त्याचे डोके पायांवर टेकवू पाहत होतो आणि तो दोन्ही तळव्यांनी देवाला दूर ढकलीत होता. भोवतीचे लोक म्हणाले, लेकरू गर्दीला भ्यालं. मीही तेच म्हणालो. त्याला त्या रात्री ताप भरला.

आज तो चाळिशीला आला आहे. कष्टाळू आहे, घरी आल्यागेल्याला अन्न देतो, माझी सेवा करतो. माझ्याबरोबर पंढरीसही येतो. परंतु कळसाला हात जोडून बाहेरच थांबतो. मी कधी विचारले नाही, त्यानेही कधी सांगितले नाही. त्याला ते आठवत असेल असेही नाही, दोन वर्षांच्या वयातले कोणाला आठवते ? आठवण जाते. पण ढकलणारे तळहात राहतात की काय, असे मला वाटत असते.

पन्नाशी उलटल्यावर एका वैद्यमित्राच्या घरी चरकसंहिता चाळीत बसलो होतो. पाठशाळेत व्याकरण झाले, काव्य झाले, वेदान्त झाला; वैद्यक आमच्याकडे नव्हते. शारीरस्थानाचा आठवा अध्याय समोर आला. त्यात बाळाच्या खोलीपासून खेळण्यांपर्यंत सर्व सांगितले आहे. खेळणी रंगीबेरंगी असावीत, त्यांना नाद असावा, ती जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात जाण्याजोगी नसावीत, भिववणारी नसावीत. आणि पुढे स्पष्ट म्हटले आहे, की मुलाला भय दाखवणे बरे नव्हे. ते रडत असले, जेवत नसले, ऐकत नसले, तरी त्याला भिववण्यासाठी राक्षस, पिशाच्च, पूतना यांची नावे घेऊ नयेत. वाचून पुस्तक मिटले. बागुलबुवा काही आजचा नाही. त्या काळच्या आयाही थकत होत्या, आणि त्या काळच्या वैद्यानेही त्यांना हेच सांगितले होते. सुश्रुतानेही शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात लिहिले आहे, की बाळाला सुख वाटेल असे उचलावे, दरडावू नये, झोपेतून एकदम उठवू नये, कारण ते दचकते. मी राक्षस-पिशाच्चांची नावे घेतली नव्हती. मी घेतले ते पांडुरंगाचे.

जुने म्हणून सगळेच खरे, असे मात्र माझे म्हणणे नाही. जातकर्मात नवजात बाळाला मध-तूप चाटविण्याचा विधी आहे. आजचे डॉक्टर सांगतात की वर्ष पुरे होईपर्यंत मध देऊ नये. मधात एका जंतूची बीजे असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ती रुजून विष करतात. सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काही नको, असेही सांगतात. मला कोणी विचारले तर मी म्हणतो, मंत्र म्हणा आणि मधाची वाटी बाजूला ठेवा. विधी बाळासाठी आहे, बाळ विधीसाठी नाही. तेव्हा चरकाचे मी घेतो ते जुनेपणामुळे नव्हे. माझ्या घरी त्याचा पडताळा आला आहे, म्हणून घेतो.

आणि भागवत तर माझ्या हातात पहिल्यापासून होते. काल्याच्या कीर्तनात दामोदरलीला मी किती वेळा सांगितली असेल, गणती नाही. दहाव्या स्कंधाचा नववा अध्याय. यशोदा दही घुसळीत आहे, कृष्ण येऊन रवी धरतो, ती त्याला अंगावर घेते. इतक्यात चुलीवरचे दूध उतू जाऊ लागते. ती त्याला अर्धपोटी खाली ठेवून धावते. पुढे जे घडले त्याचे मूळ येथे आहे. मडके फुटले, लोणी गेले, पण त्याआधी एक मूल अर्धपोटी खाली ठेवले गेले होते. व्यासांनी हे मुद्दाम सांगितले आहे. मग ती छडी घेऊन मागे लागते, त्याला धरते. तो रडतो आहे, डोळे चोळून काजळ गालभर पसरले आहे. येथे आम्ही श्रोत्यांना हसवतो. आणि हसवण्याच्या नादात एक अर्धा श्लोक माझ्या हातून वर्षानुवर्षे निसटत होता. लेकरू भ्याले आहे हे यशोदेच्या ध्यानात येते, आणि ती छडी टाकून देते.

छडी टाकते, पण सोडून देत नाही. दोरी आणते आणि बांधायला लागते. हे नीट पाहावे. भय काढून घेतले, मर्यादा काढली नाही. दोरी दोन बोटे अपुरी पडत राहिली, गौळणी हसल्या, आई घामाघूम झाली, आणि ती दमलेली पाहून तो आपण होऊन बांधून घेतो. कुंतीने पुढे स्तुती केली तेव्हा तिला हाच प्रसंग आठवला, की ज्याला प्रत्यक्ष भयही भिते तो आईसमोर भेदरून उभा होता. कुंतीला त्याचे नवल वाटले. यशोदेला मात्र वाईट वाटले. मला वाटते, आई म्हणून यशोदेचेच खरे.

एका विद्वानांनी मला अडविले. म्हणाले, "बुवा, उपनिषदच सांगते की परब्रह्माच्या भयाने वारा वाहतो आणि सूर्य उगवतो. भय नको म्हणता, मग जग चालेल कसे ?" मी म्हटले, शास्त्रीबुवा, ते वाऱ्याला आणि सूर्याला सांगितले आहे, तान्ह्याला नव्हे. त्याच तैत्तिरीयाच्या आनंदवल्लीत तेथेच सांगितले आहे, की जो त्या तत्त्वात आणि आपल्यात एवढेसेही अंतर करतो त्याला भय प्राप्त होते. म्हणजे भय हे अंतराचे चिन्ह आहे. संसारात पडलेल्या मोठ्या माणसाला ते अंतर असते, ते मिटवायला तो नाम घेतो, वारी करतो. लेकराला ते मुळात नसतेच. आपण मधे उभे राहून ते पाडतो, आणि पुढे पंचविसाव्या वर्षी त्याच पोराला घेऊन महाराजांकडे येतो, "ह्याला देवाधर्माची गोडी लावा." ते शास्त्रीबुवा गप्प झाले, पटले असे काही म्हणाले नाहीत. नीतिकारांचे एक वचन मात्र त्यांनाही पाठ होते. त्यात पहिली पाच वर्षे केवळ लाड सांगितले आहेत, ताडन त्यानंतरचे. छडीचा पुरस्कार करणाऱ्यांनाही पाच वर्षांच्या आत छडी सुचलेली नाही !

"पण महाराज, तर मग करायचे काय ?" असे ती बाई विचारील. रास्त प्रश्न आहे. ज्ञान सांगणे सोपे, रात्री दोन वाजता रडणारे पोर खांद्यावर घेणे अवघड. मी ते माझ्या मुलाच्या वेळी केले नाही. नातवंडांच्या वेळी थोडे केले, म्हणून थोडे बोलतो.

माउलींच्या पालखी सोहळ्यात संध्याकाळी तळावर समाजआरती होते, ती आठवा. भोवती दिंड्या उभ्या, हजारो टाळ वाजत आहेत. चोपदार चोप वर करतात आणि सगळा तळ निमिषात शांत होतो. एखादीच दिंडी टाळ वाजवीत राहते. ती अडाणी असते का ? उद्दाम असते का ? नाही. तिची काही तक्रार असते. पाणी मिळाले नसेल, जागा मिळाली नसेल. चोपदार तिच्याकडे जातात, विचारतात, निवाडा करतात, मग तेथलेही टाळ थांबतात, आणि आरती होते. रडणारे मूल ही अशी टाळ वाजवीत राहिलेली दिंडी आहे. त्याला शब्द नाहीत, टाळ आहे. भूक लागली असेल, अंग ओले असेल, झोप आली असून येत नसेल, दात शिवशिवत असतील, कान ठणकत असेल, किंवा नुसते कडेवर घ्यायला हवे असेल. तीही तक्रारच आहे, खोटी नव्हे. चोपदाराने दिंडीला दम दिलेला मी पाहिला नाही. आधी जवळ जावे. सहा वेळा कारण सापडेल, चार वेळा सापडणार नाही. न सापडले तरी आपण जवळ गेलो हे त्याला कळते. आणि ताप असेल, रडणे नेहमीचे नसेल, तर अंगारा लावून थांबू नये, डॉक्टरकडे न्यावे.

चुलीपाशी जाते ? "गरम आहे," असे म्हणून कोमट वाटीला त्याचे बोट लावावे. तो शब्द त्याचा होतो. रस्त्याकडे धावते ? तेथे शब्दांचे काम नाही, हात धरावा, आणि उंबऱ्यात आडवी फळी लावावी. हीच ती यशोदेची दोरी. दीड वर्षाच्या मुलाच्या समजुतीवर विहीर उघडी ठेवता येत नाही. रडले तर रडू द्यावे, आपण शेजारी बसावे, पण फळी काढू नये. भय न दाखवणे म्हणजे सगळे देऊन टाकणे नव्हे. जेवत नाही, तर ताट उचलावे, तासाभराने पुन्हा बसावे. धडधाकट मूल आपली भूक जाणते. घास मोजायची हौस आपल्याला असते. मोबाईलचा पडदा समोर धरून भरवले की घास जातो खरा. पण तोंडात काय आहे हे त्या जिवाला कळत नाही. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, असे बालरोगतज्ज्ञही सांगतात.

आणखी एक गोष्ट, जी मला भयाच्या खालोखाल जाचते. बाहेर जाताना मुलाला चुकवून जाणे. त्याला मागच्या अंगणात चिमणी दाखवायची आणि आपण पुढच्या दाराने पसार. मी सप्ताहाला निघताना नेमाने असे करीत असे. सात-आठ महिन्यांच्या बाळाशी आई पदराआडून कुक करते तेव्हा ते खदखदून हसते, कारण दिसेनासे झालेले माणूस परत येते ही त्याला त्या वयात नव्याने कळू लागलेली गोष्ट असते. त्याचा तो पहिला सिद्धान्तच म्हणा. आपण चोरपावलांनी गेलो की तो मोडतो. मग ते मूल आई न्हाणीघरात गेली तरी टाहो फोडते, आणि आपण म्हणतो, फार चिकट झाले आहे. सांगून जावे. "मी जातो, दिवेलागणीला येईन." ते रडेल. त्या रडण्यासमोर उभे राहवत नाही म्हणून आपण फसवतो. त्याच्यासाठी फसवतो, हे आपण स्वतःशीच बोललेले असत्य आहे. रडू द्यावे, आणि दिवेलागणीला यावे. सप्ताहाला जाणाऱ्याने किती दिवस ते सांगावे. दिवस त्याला कळत नाहीत, पण सांगितले हे कळते.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात सगळे मिळून पंढरीस गेलो. थोरल्याची मुलगी तेव्हा पावणेतीन वर्षांची. चंद्रभागेवरून येताना तिने मला विचारले, "आबा, विठोबा रागावतो ?" शेजारच्या घरी कोणी काही सांगितले असावे. तिचा बाप दोन पावलांवर चालत होता. मी म्हटले, "नाही बाळ. विठोबा रागवत नाही. मी एकदा कोणाला तरी तसं सांगितलं होतं, ते खोटं होतं." तिला पुढचे काही कळले नाही, ती फुगेवाल्याकडे पाहू लागली.

महाद्वारापाशी तो नेहमीसारखा थांबला. "तुम्ही न्या तिला," म्हणाला. मी तिला घेऊन बारीत उभा राहिलो. गाभाऱ्यात तिने दोन्ही तळहात देवाच्या पायांवर ठेवले, थोपटले, झोपलेल्या बाळाला थोपटतात तसे, आणि म्हणाली, "गाऽर."

बाहेर आलो. तो आमच्या चपला जवळ घेऊन उभा होता. तिला कडेवर घेताना त्याने विचारले, "रडली का हो ?"

"नाही रडली."

"बरं झालं," म्हणाला, आणि तिच्या पायांत चपला घालू लागला.